ओल्या दाराला रंधा

माणूस जातो, पण त्याची तत्त्वं मागे राहतात. परवा कचेरीतल्या शोकसभेत साहेबांनी हे वाक्य हिंदीतून म्हटलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली, कारण ते खरं आहे. दिगू, तुझी तत्त्वं मागे राहिली आहेत. फक्त ती जवळजवळ सगळी विजेचा रंधा कसा वापरावा याबद्दलची आहेत.

साहेबांना हे ठाऊक नव्हतं. त्यांनी तुला कर्तव्यनिष्ठ म्हटलं, मितभाषी म्हटलं, शेवटी दीपस्तंभ म्हटलं. जयपूरहून समुद्र किती लांब असेल, याचा मी विचार करत होतो. मितभाषी ऐकल्यावर मात्र मान वर केली. लाकडाच्या रेषांच्या उलट दिशेनं रंधा लावणाऱ्या माणसांबद्दल तू एकदा माझा चहा थंड होईपर्यंत बोलला होतास.

मग दोन मिनिटं मौन झालं. साहेबांचं लक्ष घड्याळाकडे होतं. मला तुझं मौन आठवलं. बटण सोडलंस की तू मशीन दोन्ही हातांत धरून तसाच उभा राहायचास, आतली पाती फिरायची पूर्ण थांबेपर्यंत. आवाज उतरत जायचा. आधी घुरघुर, मग कुजबुज, मग काही नाही. तेवढ्या वेळात कुणी काही विचारलं तरी तू उत्तर द्यायचा नाहीस. मी म्हणायचो, "राष्ट्रगीत संपलं असेल तर ठेव खाली." तू म्हणायचास, "पंडित, बंद केलेलं मशीन आणि थांबलेलं मशीन यांच्या मध्ये एक बोट जाईल एवढी जागा असते." मग पुढच्या टोकाखाली लाकडाची पट्टी सरकवून, पाती कशालाच टेकणार नाहीत अशा बेतानं, तू ते बाकावर ठेवायचास. वर्षानुवर्षं ऐकून त्या वाक्याचा मला वीट आला होता. शोकसभेत ते आठवलं, आणि साहेबांनी "बैठिए" म्हटल्यावर मी एकटाच थोडा वेळ उभा राहिलो. त्याचाही लोकांनी भलताच अर्थ लावला.

लिहायला बसलोय, पण बसवत नाही. सारखा उठतो, खिडकीशी जातो, परत येतो. पाऊस थांबलाय, हवा मात्र ओली आहे, आणि ओली हवा म्हटलं की तुझं दार. दाराकडे येतोच. आधी मशीन.

वहिनींचा भाऊ बोटीवर इंजिनिअर, त्यानं ते जर्मनीहून आणलं. आपल्याकडे मैल जाऊन किलोमीटर नुकते आले होते, आणि मिस्त्री लोक अजून इंच-सुतात बोलत होते. मशीनवर मात्र सगळं मिलिमीटरमध्ये. इस्त्रीपेक्षा थोडं मोठं, पोटात एक रूळ, रुळाला दोन पाती. साधा रंधा सुतार दोन हातांनी रेटतो. इथं तो रूळ अशा वेगानं फिरायचा की पाती दिसतच नसत. "दिसत नाहीत, हाच धोका," तू म्हणालास. सोबत एक पुस्तिका होती, जर्मन. ती तू माझ्या हातात दिलीस.

"वाच."

"मला जर्मन येत नाही."

"मग एवढी वर्षं वाचलंस काय?"

पुस्तिकेत चित्रं होती, काहींवर फुली. त्या चित्रांवर तू जे भाष्य केलंस तसं वेदांवरही कुणी केलं नसेल. टाय घातलेला माणूस, त्यावर फुली. तू त्यातून टाय, मफलर, उपरणं, सैल बाही आणि जानवं एवढं काढलंस. जानवं बनियनच्या आत. वायरवर फुली, म्हणून वायर खांद्यावरून मागे. एका चित्राचा अर्थ मात्र शेवटपर्यंत लागला नाही: उघडा पंजा आणि शेजारी घड्याळ. तू म्हणायचास, पाती थांबेपर्यंत हात लावू नये. मी म्हणायचो, जेवणानंतर काम करू नये. मेहुण्याला विचारायचं दर वेळी ठरायचं आणि तो आला की आपण त्याला बंदरांबद्दल विचारायचो.

तू आणि मी विमा कचेरीतली माणसं. दुसऱ्यांच्या अपघातांवर आपलं घर चालायचं. मला वाटायचं, त्यामुळेच तू असा झालास. दिवसभर कागदावर हरवलेली बोटं वाचायची आणि संध्याकाळी स्वतःची मोजायची. तू हे मान्य केलं नाहीस. म्हणालास, "मला पाट करायचेत. बोटं असली तर बरी पडतात." जयपुरातल्या किती मराठी घरांत तुझे पाट आहेत आणि त्यातला एकही डुगडुगत नाही, हे साहेबांनी सांगायला हवं होतं. त्याऐवजी दीपस्तंभ.

तुझी पूजाअर्चा मला कधी कळली नाही. खंडेनवमीला वहिनी मशीनला हळदकुंकू लावायला आल्या तर तू त्यांचा हात धरलास.

"पात्याला नको. तळपट्टीला नको. वाऱ्याच्या भोकांपाशी तर अजिबात नको."

"मग लावू कुठे? तुमच्या कपाळाला?"

तडजोड झाली. मशीनच्या लाकडी खोक्याला कुंकू लागलं आणि दर वर्षी त्याच जागी लागत गेलं. पण त्या दिवशी तू मशीन चालवायचा नाहीस. मी विचारलं, का रे, तू तर मानत नाहीस. तू म्हणालास, "पाती काढून धार बघायला एक दिवस लागतोच. तो हा." दोन्ही पाती तू एकदमच बदलायचास, सारख्या उंचीवर बसवायचास, स्क्रू आवळून झाले की पुन्हा आवळायचास. पट्टा बघायचा, मोटारीचे कार्बन झिजलेत का बघायचं, फुंकून भुसा काढायचा. आणि हे सगळं चालू असताना वायरचा प्लग तुझ्या पॅंटच्या खिशात. भिंतीतून नुसता काढून ठेवलेला चालायचा नाही. कुणीतरी येऊन लावेल. पात्याला हात लावणाऱ्याच्याच खिशात प्लग. तुझ्या सगळ्या पॅंटचा उजवा खिसा फाटलेला असायचा आणि वहिनी तो शिवायच्या.

मी म्हणायचो, ही मुंज आहे, फक्त भटजी नाही. तू म्हणायचास, भटजींची बोटं धोक्यात नसतात. आपला हा वाद कधी संपला नाही. मला आजही वाटतं की माणसाला काही ना काही विधी लागतोच, एक सोडला तर तो दुसरा धरतो. तुला वाटायचं की विधी आणि काळजी यांच्यातला फरक मला कधी कळणार नाही. आता तुझा मुद्दा तू मांडायला नाहीस, तर मला माझा मुद्दा मांडायची चवच राहिलेली नाही. हे तू मुद्दाम केलंस असं मी म्हणत नाही.

अर्थिंगचा तो खड्डा आठवतो? मागच्या अंगणात, तुळशीला लागून. तू त्यात कोळसा आणि मीठ भरलंस, आणि इथली जमीन कोरडी ठणठणीत म्हणून उन्हाळ्यात रोज सकाळी तांब्याभर पाणी घालायचास. शेजारचे भार्गवजी कुंपणावरून बघायचे. एक दिवस न राहवून त्यांनी विचारलं, "दिगंबरजी, किस देवता का थान है?"

तू गंभीरपणे म्हणालास, "बिजली का."

"अच्छा, अच्छा," म्हणत त्यांनी हात जोडले. पुढच्या आठवड्यात खड्ड्यापाशी झेंडूचं फूल दिसलं. मी हसून लोळायचा बाकी होतो. तुला विचारलं, काढत का नाहीस? तू म्हणालास, "फुलानं अर्थिंग बिघडत नाही."

आणि इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीतला तो सत्कार. पाहुणे मोठे निवृत्त अधिकारी होते. कुणाच्या तरी डोक्यात आलं की त्यांच्या हस्ते जर्मन यंत्राचं प्रात्यक्षिक करावं. तू मशीन घेऊन आलास, फळी शिकंज्यात आवळलीस. पाहुणे शाल, हार आणि स्मितासह पुढे आले.

"आधी हार काढा," तू म्हणालास.

"अहो, सत्कार चाललाय," चिटणीस कुजबुजले.

"मग सत्कार होऊ दे. नंतर या."

पाहुण्यांनी हार काढला, शाल काढली, तुझ्या सांगण्यावरून घड्याळही काढलं. आत एक साधा, जरा घाबरलेला माणूस निघाला. तू त्यांचे हात दोन मुठींवर ठेवलेस. "आधी चालू करा, पूर्ण वेग घेऊ द्या, मग लाकडाला लावा. सुरुवातीला भार पुढच्या मुठीवर, शेवटी मागच्या." त्यांनी एक लांबलचक साल काढली आणि लहान मुलासारखे सगळ्यांना दाखवत सुटले. त्यांचं भाषण राहूनच गेलं. मंडळावरचे तुझे उपकार मी त्या दिवसापासून मोजतो.

आता दार.

बनी पार्कमधल्या तुझ्या भाड्याच्या घराचं पुढचं दार पावसात फुगतं. इथला पाऊस तो केवढा; पण तेवढ्यानं त्याचं भागतं. श्रावणात ते असं बसायचं की बाहेरच्यानं खांदा लावावा आणि आतल्यानं कडी धरून ओढावं. मी दर श्रावणात म्हणायचो, हातात मशीन आहे, घास की जरा. तू म्हणायचास, ओल्या लाकडाला रंधा लावू नये. रेषा फाटतात, भुसा रंध्याच्या तोंडाशी गच्च बसतो, आणि आज बरोबर बसवलेलं दार हिवाळ्यात आक्रसलं की अंगठाभर फट राहते. ती मग आयुष्यभराची. उन्हाळ्यात आंधी आली की सगळी वाळू घरात. लाकूड सुकलं की करू. दिवाळीनंतर लाकूड सुकायचं, दार शहाण्यासारखं उघडायचं, आणि तू म्हणायचास, "आता काय बिघडलंय त्याचं?"

आपण दोघेही बरोबर होतो. म्हणून ते दार तसंच राहिलं.

त्या सकाळी तू मागच्या व्हरांड्यात एका पाटाला पॉलिशपेपर मारत होतास. मशीन खोक्यात होतं, हे सांगायला हवं, कारण कचेरीत अर्ध्या लोकांना वाटतंय की त्या जर्मन यंत्रानंच घात केला. तू पाट बाजूला ठेवलास आणि भिंतीला टेकून बसलास. वहिनींनी हाक मारली, मग हलवलं, मग पुढच्या दाराकडे धावल्या, कारण टेलिफोन भार्गवजींकडे. दार उघडेना. त्यांनी ओढलं, लाथ मारली, पुन्हा ओढलं. मग मागे धावल्या, तुझ्या अंगावरूनच म्हणावं लागेल, आणि अंगणातून फिरून गेल्या. डॉक्टर आले ते म्हणाले, बसल्याबसल्याच झालं होतं, लवकर येऊनही उपयोग नव्हता. पुढे तुला बाहेर न्यायच्या वेळी भार्गवजींनी बाहेरून खांदा लावला. एवढ्या माणसांत तो आवाज फार मोठा वाटला.

तुझा लेक शेखर आला, सगळं नीट केलं, पण त्याला पुण्याला परत जायचंय, परीक्षा आहेत. वहिनी म्हणाल्या, मी इथेच राहणार, हिवाळ्यापर्यंत तरी. शेखर स्टेशनवर तिकिटाचं बघायला गेला होता तेव्हा त्या मला म्हणाल्या, "भाऊजी, तो जायच्या आत ते दार करून द्या. या दारामागे मी एकटी राहू शकत नाही."

"मिस्त्री बोलावतो."

"मिस्त्री नको. ह्यांचं मशीन आहे."

तर दिगू, तुझ्या नियमाविरुद्ध, भर भाद्रपदात, ओल्या दाराला मी रंधा लावला. मी, ज्याला तू मशीन फक्त बघू द्यायचास.

भार्गवजी आणि मी दार बिजागऱ्यांतून काढलं, व्हरांड्यात तुझ्या बाकाला लावून एका कडेवर उभं करून शिकंज्यांनी आवळलं. जानवं बनियनच्या आत घातलं. गेली कित्येक वर्षं ते खुंटीला असतं, मुद्दाम शोधून घातलं होतं की काय कोण जाणे. तुझ्या अंत्यविधीसाठी असेल. तुझा गॉगल लावला. जुन्या रेडिओतून काढलेलं तुझं लोहचुंबक कडेवरून फिरवलं, कारण आंधळ्या खिळ्यावर पातं गेलं तर पातं तुटतं आणि कुठे जाईल सांगता येत नाही. ते एका जागी चिकटलं. रंगाखाली खिळा होता, आधीच्या कुणा भाडेकरूनं लिंबू-मिरची टांगायला मारलेला. पक्कडीनं काढला. दृष्ट लागू नये म्हणून मारलेला खिळा माझा डोळा घेणार होता. तू असतास तर यावर तासभर बोलला असतास.

प्लग लावणार तर वहिनी म्हणाल्या, "थांबा. दिवा बघा."

व्हरांड्यातला दिवा पिवळा होता. विजेचा दाब कमी असला की मशीन चालवायचं नाही, मोटार तापते, हाही तुझाच नियम. भार्गवजी पूजेला गेले. आम्ही दोघं दिवा पांढरा व्हायची वाट बघत बसलो.

"दार उघडलं असतं तर?" वहिनी म्हणाल्या.

"डॉक्टर म्हणाले ना, काही उपयोग—"

"डॉक्टर म्हणाले. ते सगळ्यांनाच तसं म्हणतात. तुम्ही काय म्हणता?"

मला जगातल्या यच्चयावत गोष्टींबद्दल मत असतं. तू त्याची थट्टा करायचास. मी भिंतीकडे बघत राहिलो. तू टेकून बसायचास तिथे चुन्यावर एक गुळगुळीत डाग आहे.

"ओढताना मला ह्यांचा राग आला होता," वहिनी म्हणाल्या. "शेवटचं काय, तर राग. मशीन घेऊन बसलेत आणि घरचं दार उघडत नाही."

"मलाही यायचा," मी म्हणालो. "अजून येतो."

त्यांनी माझ्याकडे जरा कमी परक्यासारखं बघितलं. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "पांढरा झाला."

चालू केलं, पूर्ण वेग घेऊ दिला, मग लावलं. पात्याची खोली अगदी कमी ठेवली होती. पहिली साल निघाली आणि तू सांगितलं होतंस तसंच झालं: ओला भुसा, सुटा पडेना, तोंडाशी लगदा. बटण सोडलं. उभा राहिलो. घुरघुर, कुजबुज, काही नाही. तेवढ्यात तू बोलशील असं वाटत होतं, आणि त्या वेळात तू कधीच बोलायचा नाहीस हे आठवून बरं वाटलं. मशीन पट्टीवर टेकवलं, प्लग काढून खिशात घातला. बोट मशीनच्या तोंडाकडे जाणार तोच वहिनींनी खराट्याची काडी पुढे केली. "काडीनं. बोटानं नाही." आवाज त्यांचा होता, चिडणं तुझं.

असं बराच वेळ चाललं. थोडं घासायचं, थांबायचं, उभं राहायचं, प्लग खिशात, काडी. एका जागी रेषा फाटली. ती जागा तुला दाखवली असती तर आपलं बोलणं आठवडाभर बंद राहिलं असतं. मधेच भार्गवजी आले, खालचा भुसा बघितला, आणि काही न विचारता अर्थिंगच्या खड्ड्यात तांब्याभर पाणी घालून गेले. पावसाळ्यात त्याची गरज नसते. वहिनींनी त्यांना थांबवलं नाही.

दार परत बसवलं. वहिनींनी ते उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. मग वाकून घासलेला भुसा ओंजळीत गोळा केला. जेमतेम ओंजळ भरली.

"एवढंच होतं," त्या म्हणाल्या.

दिगू, मी तुझा हिशेब मांडतोय. पाट, अर्थिंग, सत्कारातली ती लांब साल, फाटलेले खिसे, हे सगळं मी तुझ्या बाजूला लिहितो. आणि ही ओंजळ कुठल्या बाजूला लिहायची ते तूच सांगायला हवं होतंस. आपले वाद मिटवून जायची तुला सवय नव्हती. मलाही ते मिटावेत अशी कधी घाई नव्हती. जे मिटेल त्यासाठी बनी पार्कपर्यंत सायकल कोण मारतो.

मशीन मी पुसून, फुंकून, पात्यांना तेलाचा बोळा फिरवून खोक्यात ठेवलं. वायर सैल गुंडाळली, पीळ न पाडता. घड्याळाच्या त्या चित्राबद्दल तू म्हणायचास तेच खरं असावं. पण आम्ही कामाला जेवणाआधी लागलो होतो, त्यामुळे माझं म्हणणं खोटं ठरलेलं नाही.

दार आता एका बोटानं उघडतं. वाऱ्यानंही उघडतं, आणि कडी तिच्या भोकापर्यंत पोचत नाही. ते बंद राहावं म्हणून वहिनींनी आतून तुझ्या रंध्याचं खोकं लावून ठेवलंय. रिकाम्या खोक्यानं ते थांबेना, म्हणून रंधा आतच आहे.